बाई, उत्तर तुम्हीच सांगा ना!

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या एका अनुदानित मराठी शाळेत मी नववी-दहावीला गणित शिकवते. तुकडी सेमी-इंग्रजीची. नववीत ५८ मुलं, दहावीतही जवळपास तेवढीच. बाकं जड लाकडी, हलवता येत नाहीत. तास ३५ मिनिटांचा. प्रशिक्षणात ‘मुलांना बोलतं करा, गटचर्चा घ्या’ असं दरवेळी सांगतात, म्हणून जूनपासून तीनदा प्रयत्न केला. सहा-सहा जणांचे गट करून सरावसंचातली उदाहरणं दिली. प्रत्येक गटात एकच हुशार मूल सोडवतं, बाकीचे उतरवून घेतात आणि मग गप्पा मारतात. शेजारच्या वर्गातून गोंगाटाची तक्रार आली. मुख्याध्यापिका म्हणाल्या, आधी पोर्शन संपवा. मुलंसुद्धा म्हणतात, “बाई, उत्तर तुम्हीच सांगा ना!” गणितात चर्चा करण्यासारखं असतं तरी काय? एक उत्तर असतं, ते येतं किंवा येत नाही. हा नाद सोडून द्यावा का?

प्रिय ताई,

सोडू नका. पण ज्या पद्धतीने तीनदा केलंत त्या पद्धतीने चौथ्यांदाही करू नका.

तुमचं शेवटचं म्हणणं आधी घेऊ: ‘एक उत्तर असतं, ते येतं किंवा येत नाही.’ सरावसंचातल्या बहुतेक उदाहरणांबाबत हे खरंच आहे, आणि तुमचे तीन तास का फसले हेही त्यातच आलं. एकसामयिक समीकरणांची जोडी सहा जणांपुढे ठेवली, तर बोलायचं कशावर? ज्याला रीत येते तो सोडवणार. ज्याला येत नाही त्याला उतरवून घेण्याखेरीज काम नाही. मुलांनी टाळाटाळ केली असं मला वाटत नाही. काम जसं होतं तसं त्यांनी ते केलं.

बोलायला मतभेद लागतो. गणितात तो असतो, पण उत्तराच्या आधी असतो. हे नेहमीच खरं आहे का? ही आकृती अशीच येणार का? या रीतीत चूक कुठल्या ओळीत झाली? मुलं लाजाळू आहेत, वर्ग मोठा आहे, बाकं हलत नाहीत या अडचणी खऱ्या आहेत. त्यांच्याकडे पुढे येऊच. पण पहिली दुरुस्ती प्रश्नात करायची आहे. प्रश्न देण्याआधी एवढंच तपासा: माझ्या वर्गातली दोन मन लावून विचार करणारी मुलं याची दोन वेगळी उत्तरं देतील का? देणार नसतील तर ते उदाहरण सरळ फळ्यावर सोडवा. त्यात कमीपणा काहीच नाही.

नववीसाठी एक प्रश्न बारकाईने पाहू. त्रिकोणांच्या एकरूपतेच्या कसोट्या मुलांना पाठ असतात: बाकोबा (बाजू-कोन-बाजू), कोबाको, बाबाबा. ‘बाबाको’ का नाही, तुमच्या सेमीच्या भाषेत एसएसए का नाही, हे मात्र बहुतेकांना कुणी विचारलेलंच नसतं. फळ्यावर लिहा: त्रिकोण अबक काढा. बाजू अब ६ सेमी, कोन अ ३० अंश, बाजू बक ४ सेमी. प्रत्येकाने आपापला काढायचा, शेजारी बघायचं नाही. झाल्यावर बाकावरच्या दोघांनी वह्या शेजारी ठेवायच्या आणि ठरवायचं, आपले त्रिकोण एकरूप आहेत का?

मुलं ६ सेमीचा अब आखतील, अ पाशी ३० अंशांचा किरण काढतील, ब वर कंपासचं टोक ठेवून ४ सेमीचा कंस मारतील. हा कंस किरणाला दोन ठिकाणी छेदतो. एक बिंदू अ पासून साधारण अडीच सेमीवर, दुसरा ७.८ सेमीच्या आसपास. कुणी जवळचा घेतो, कुणी लांबचा. त्यामुळे काही बाकांवर एका वहीत आखूड, चिमुकला त्रिकोण असतो आणि शेजारच्या वहीत चांगला लांबलचक. दोघांनीही तिन्ही मापं पाळलेली असतात. पहिलं वाक्य हमखास येतं, “तुझं चुकलंय.” मग पट्टी निघते, कोनमापक निघतो, आणि दोघांचं बरोबर निघाल्यावर जी शांतता होते तिथून खरी चर्चा सुरू होते. दिलेला कोन त्या दोन बाजूंच्या मधला नव्हता, हे मुलांच्या तोंडून येईपर्यंत थांबा. बाकोबामध्ये ‘को’ मधेच का, हे त्यानंतर वेगळं शिकवावं लागत नाही.

यात काय बिघडतं तेही सांगायला हवं. काही मुलं कंस एवढुसा मारतात, त्यामुळे त्यांना एकच छेदनबिंदू दिसतो. अख्ख्या वर्गाने तसं केलं तर सगळ्यांचे त्रिकोण सारखे येतील आणि प्रश्नच संपेल. फिरताना फक्त एवढं म्हणा, “कंस जरा लांबपर्यंत ओढा.” का ते सांगू नका. दुसरं म्हणजे कंपासचा स्क्रू सैल असतो, ४ सेमीचे ४.३ होतात आणि मुलं फरकाचं खापर कंपासवर फोडतात. तेव्हा अक मोजायला सांगा. अडीच आणि ७.८ मधला फरक सैल स्क्रूने पडत नाही, हे त्यांनाही पटतं. ज्या जोड्या लवकर उरकतात त्यांच्यासाठी पुढचा प्रश्न हाताशी ठेवा: बक ४ ऐवजी २ घेतला तर? ३ घेतला तर? ६ घेतला तर? ब पासून किरणाचं लंब अंतर ३ सेमी येतं. म्हणून २ ला त्रिकोण होतच नाही, ३ ला एकच होतो आणि तो काटकोनी, ३ आणि ६ च्या मधल्या कुठल्याही मापाला दोन होतात, ६ पासून पुढे पुन्हा एकच. हा शोध नववीच्या मुलाला स्वतः लावता येतो.

दहावीला अर्थनियोजनात असाच एक प्रश्न आहे. १००० रुपयांची वस्तू, १० टक्के सूट, १८ टक्के जीएसटी. दुकानदाराने आधी सूट देऊन मग कर लावला, किंवा आधी कर लावून मग एकूण रकमेवर सूट दिली. गिऱ्हाइकाला काय स्वस्त पडेल? आकडेमोड न करता आधी हात वर करून मत घ्या. वर्ग दोन-तीन तटांत विभागतो, आणि प्रत्येकाकडे बाजारातलं स्वतःचं कारण असतं. हिशेब केला की दोन्हीकडून १०६२ रुपयेच येतात. इथे तास संपवू नका, खरी गंमत पुढे आहे. ‘मग सरकारलाही सारखाच कर मिळतो का?’ पहिल्या रीतीत १६२ रुपये, दुसरीत १८०. गुणाकाराचा क्रम बदलला तरी गुणाकार तोच राहतो, पण प्रत्येक पायरीवरचा आकडा तोच राहत नाही. हा मुद्दा मुलांनी मांडला तर तो त्यांच्या जास्त लक्षात राहतो.

संभाव्यतेत दोन नाणी घ्या. ‘दोन छापे, दोन काटे किंवा एक-एक, शक्यता तीनच, म्हणून एक-एक येण्याची संभाव्यता एक तृतीयांश.’ हे विधान कुणाचंही नाव न घेता फळ्यावर लिहा आणि पटतंय का ते विचारा. वाद रंगला की प्रयोग करा: बाकावरच्या जोडीने एक रुपयाचं आणि एक दोन रुपयांचं नाणं एकदम दहा वेळा उडवायचं. २९ जोड्यांचे २९० टॉस होतात. एक तृतीयांश खरं असेल तर एक-एक साधारण ९७ वेळा यायला हवं, अर्धं खरं असेल तर १४५ च्या आसपास. एवढ्या मोठ्या फरकामुळे निकालाबद्दल सहसा शंका उरत नाही. वेगळी नाणी मुद्दाम सांगितली आहेत. रुपयाला छापा नि दोनला काटा, आणि रुपयाला काटा नि दोनला छापा, या दोन घटना निराळ्या आहेत हे त्यामुळे डोळ्यांना दिसतं. आणि नाणी उघड्या वहीवर पाडायला सांगा. लाकडी बाकावर खणखणाट होतो, घरंगळलेलं नाणं शोधायला पाच जण बाकाखाली जातात आणि तास तिथेच संपतो.

असे प्रश्न तयार करायला फार वेळ लागत नाही. पुस्तकातलं एखादं विधान घ्या आणि ‘नेहमी, कधी कधी, की कधीच नाही?’ असं विचारा. कर्ण समान असलेला चौकोन आयत असतो. (समद्विभुज समलंब चौकोन काढणारं मूल तुमच्या वर्गात नक्की आहे.) (अ + ब)² = अ² + ब². किंवा चुकीचं सोडवलेलं उदाहरण द्या: क्ष² = ५क्ष, दोन्ही बाजूंना क्ष ने भागून क्ष = ५. दुसरं उत्तर कुठल्या ओळीत हरवलं? उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तपासताना दिसलेल्या चुका वहीच्या मागच्या पानावर टिपून ठेवा. वर्षभराचे प्रश्न तिथेच मिळतील.

आता बसण्याचं. सहाचा गट मोडा. सहा जणांत दोघं काम करतात आणि चौघं प्रेक्षक होतात, हे कुठल्याही वर्गात होतं. पहिली पायरी एकट्याने, दुसरी बाकावरच्या जोडीदाराबरोबर, तिसरी चौघांत. मेरीलँड विद्यापीठातल्या फ्रँक लायमन यांनी १९८१ मध्ये आधी एकट्याने, मग जोडीत, मग सगळ्या वर्गापुढे असा मूळ क्रम मांडला (चौघांची पायरी ही त्यातली भर) आणि तो आजही टिकून आहे, कारण त्याला फर्निचर लागत नाही. चौघांचा गट करताना पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या बाकावरच्या मुलांनी फक्त मागे वळायचं. बाक एक इंचही हलत नाही. तिघांचं बाक असेल तर तिघांचा गट तसाच ठेवा, वळवायची गरज नाही.

चौघांत कागद एक आणि पेन एकच. ज्याच्या हातात पेन त्याने स्वतःचं लिहायचं नाही, दुसऱ्याने सांगितलेलंच लिहायचं. दोन-तीन मिनिटांनी पेन पुढे. हा छोटासा नियम हुशार मुलाची एकहाती सोडवणूक थांबवतो: पेन त्याच्याकडे आलं की त्याला ऐकावं लागतं, नसेल तेव्हा समजावून सांगावं लागतं. गटातून कोण बोलणार ते आधी ठरवू नका. हजेरी क्रमांकाच्या ५८ चिठ्ठ्या एका डब्यात ठेवा आणि चर्चा झाल्यावर उचला. आधी ठरलं की बाकीचे तिघं सुटतात.

वेळेचं गणित असं बसतं: हजेरी आणि प्रश्न लिहिणं ३ मिनिटं, एकट्याने वहीत २, जोडीत ४, चौघांत ६, सगळ्या वर्गाबरोबर १२, वहीत नीट उतरवणं ५. हे ३२ झाले. त्रिकोणाच्या तासाला रचनेलाच सात-आठ मिनिटं जातात, म्हणून त्या दिवशी चौघांची पायरी गाळा. एकट्याची दोन मिनिटं मात्र कधीच गाळू नका. ज्या मुलाच्या वहीत आधी काहीतरी लिहिलेलं असतं त्याच्याकडे बोलायला काहीतरी असतं. ज्याच्याकडे नसतं ते मान डोलावतं, आणि आपल्याला वाटतं की त्याला पटलं.

मग भाषा. तुम्ही पत्रात सेमी-इंग्रजीचा उल्लेख जाता जाता केला आहे, पण मला तो फार महत्त्वाचा वाटतो. घरी मराठी, मालवणी, हिंदी किंवा भोजपुरी बोलणाऱ्या मुलाकडून तुम्ही गणितातला कच्चा, अर्धवट विचार इंग्रजीत मागत असाल, तर ते गप्पच बसणार. त्याला गणित येत नसतं असं नाही, वाक्य जुळत नसतं. म्हणून वर्गाला स्पष्ट सांगा: बोलताना कुठलीही भाषा, लिहिताना पुस्तकातली. ‘ही बाजू आणि ती बाजू सेम आहे, पण अँगल मधला नाहीये’ हे चर्चेत चालेलच. शेवटच्या पाच मिनिटांत तेच वाक्य तुम्ही फळ्यावर नीट इंग्रजीत लिहा आणि मुलांना वहीत उतरवू द्या. परीक्षेला लागते ती भाषा अशीच येते, आधी अर्थ मग शब्द.

तुमच्या स्वतःच्या दोन सवयींकडेही लक्ष द्यायला हवं. त्या जवळजवळ सगळ्याच शिक्षकांना असतात. एक, प्रश्न विचारून लगेच पुढे जाणं. अमेरिकेतल्या मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांतली ध्वनिमुद्रणं तपासली, तेव्हा शिक्षक प्रश्नानंतर साधारण एक सेकंदच थांबत होते. ही वेळ तीन सेकंदांवर गेली की मुलांची उत्तरं लांबली आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलू लागली. तीन सेकंद वर्गात उभं राहून फार मोठे वाटतात. मनात आकडे मोजा.

दुसरी सवय म्हणजे ‘बरोबर!’ हा शब्द. पहिल्या मुलाने उत्तर दिलं आणि तुम्ही ‘बरोबर’ म्हणालात की चर्चा तिथेच संपली. आता जो बोलेल तो एकतर तेच बोलेल किंवा चुकेल. त्याऐवजी म्हणा, “हिने जे सांगितलं ते तुझ्या शब्दांत सांग.” किंवा, “हे कुणाला पटलं नाही?” बरोबर आणि चूक या दोन्ही उत्तरांना चेहरा तोच ठेवायचा. मुलं आपला चेहरा फार पटकन वाचतात. “बाई, तुम्हीच सांगा ना” यामागेही आळस नसतो, इतक्या वर्षांचा अनुभव असतो: शेवटी बाई सांगतातच. निर्णय वर्गाने घेतल्यावर तुम्ही तो मान्य करता, चुकला असेल तर पुढचा प्रश्न विचारून तो डळमळीत करता, असं पाच-सहा वेळा झालं की ही मागणी कमी होते.

चौघांची चर्चा चालू असताना फळ्यापाशी उभं राहू नका. छोटी वही घेऊन फिरा आणि कुणी काय केलंय ते टिपा. त्यातून तीनच विचार पुढे आणायचे: आधी सगळ्यात जास्त मुलांनी केलेला, मग वेगळ्या वाटेने गेलेला, शेवटी सगळ्यात नेमका. चुकीचा विचार मांडताना नाव घेऊ नका. “एका वहीत असं दिसलं, यामागे काय विचार असेल?” असं विचारा. एकदा जरी चुकीवरून वर्ग हसला आणि तुम्ही ते चालवून घेतलंत, तर ते मूल पुढे महिनोन् महिने तोंड उघडणार नाही. त्या हसण्यावर तिथल्या तिथे बोला.

काही मुलं म्हणतील, “हे आमच्या क्लासमध्ये झालंय.” मे महिन्यात निम्मं पुस्तक उरकलेली मुलं मुंबईत प्रत्येक वर्गात असतात. त्यांना सूत्र माहीत असतं, कारण क्वचित. त्यांच्यासाठी अट घाला: सूत्र न वापरता पटवून दे, किंवा ज्याने विधान खोटं ठरेल असं उदाहरण शोध. त्यांना ‘छोटे शिक्षक’ करून गटांवर नेमू नका. ते उत्तर सांगून मोकळे होतात आणि बाकीच्यांची वाट पुन्हा बंद होते.

गोंगाटाची तक्रार योग्य आहे. पार्टिशनच्या पलीकडे कुणीतरी शिकवत असतं. आवाजाची पातळी मुलांना शब्दांत सांगून कळत नाही, ती करून दाखवावी लागते. ‘बाकापुरता आवाज’ म्हणजे मागच्या बाकाला ऐकू न जाणारा. एकदा दोन मुलांना पुढे बोलावून तसं बोलायला लावा. थांबायची खूण म्हणून हात वर करा. ज्याला दिसेल त्याने बोलणं थांबवून हात वर करायचा. डस्टर आपटलात तर तुमचाच आवाज शेजारच्या वर्गात जाईल. शेजारच्या सहकाऱ्यांना आधी विचारा, त्यांची मुलं पीटीला मैदानावर असतात तो तास कुठला. सुरुवातीचे तास त्याच वेळी ठेवा.

पोर्शनच्या बाबतीत मुख्याध्यापिकांशी वाद घालण्यात अर्थ नाही, कारण त्यांची काळजी खरी आहे. दहावीला भाग १ आणि भाग २ चे ४०-४० गुण लेखी आणि २० अंतर्गत. पालक विचारणार ते त्यांना. तुम्ही रोज चर्चा घेणारच नाही आहात. आठवड्याला एक पूर्ण तास आणि बाकीच्या तासांत कुठेतरी तीन मिनिटांची जोडीतली कुजबुज, एवढं पुरे. तास निवडताना पाठाची सुरुवात किंवा जिथे मुलं दरवर्षी अडतात ती जागा धरा. बोर्डाच्या पेपरात ‘कृती पूर्ण करा’ असे चौकटी भरायचे प्रश्न असतात, आणि भूमितीच्या सिद्धतेत प्रत्येक विधानापुढे कारण लिहावं लागतं. तिथे जे गुण जातात ते ‘का’ न कळल्यामुळेच जातात, हे त्यांना त्यांच्याच शाळेच्या उत्तरपत्रिकांवरून दाखवता येईल.

त्यासाठी चर्चेच्या तासाला शेवटी पाव कागदाची चिठ्ठी घ्या: एक प्रश्न, उत्तर आणि एक ओळ कारण. त्यांना गुण देऊ नका. तीन गठ्ठे करा: कारणासह बरोबर, कारणाशिवाय बरोबर, चूक. ५८ चिठ्ठ्यांना दहा-बारा मिनिटं लागतात. तारखेसह तीन आकडे लिहून ठेवा. दुसरा गठ्ठा लहान होऊन पहिला वाढतोय का, एवढंच बघायचं. वाढत असेल तर तो कागद घेऊन मुख्याध्यापिकांकडे जा. दोन महिन्यांतही हलत नसेल तर प्रश्न पुन्हा तपासा, मुलांना दोष देऊ नका.

पहिले दोन-तीन तास अवघडलेलेच जातील, ते धरून चाला. सुरुवात नववीच्या त्रिकोणानेच करा. आदल्या दिवशी फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा: कंपासपेटी आणणे, कंपासात टोक केलेली छोटी पेन्सिल. आणि चार-पाच जादा कंपास टेबलावर असू द्या, ५८ मुलांत तेवढे लागतातच.